बिलाच्या फाईलमधला मजकूर : मॅक्रोत हात घालण्याआधी वाचा

राम राम मंडळी. आमच्याकडून एक्सेलची बिल-फाईल घेतलेले बरेच जण आता स्वतःच मॅक्रो (म्हणजे फाईलकडून आपोआप काम करून घेणाऱ्या आज्ञा) उघडून बघायला लागलेत, चांगलंय, आम्हाला आवडतं, पण मग दोन दिवसांनी फोन येतो, "भो, हाई काय व्हयनं?" आणि बघायला गेलं की दहातल्या आठ वेळा भानगड मजकुराचीच निघते, हिशोबाची नाही. म्हणून हा कागद काढलाय.

एक आधीच सांगतो. इथं सगळं देवनागरीत छापलंय, पण मॅक्रोत टाइप करताना फंक्शनची (म्हणजे लेफ्ट, मिड असल्या तयार आज्ञांची) नावं आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे.

आपली मॅक्रोची भाषा म्हणजे व्हीबीए, बेसिकच्याच घराण्यातली. बेसिक १९६४ साली अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी काढली, सायन्सवाले नसलेल्या पोरांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. त्यामुळे भाषा तशी सरळ आहे. मजकुराला तिच्यात स्ट्रिंग म्हणतात आणि तो डबल कोट्समध्ये लिहितात. ज्यांनी डॉसच्या काळात जीडब्ल्यू-बेसिक केलंय त्यांना नावापुढचं डॉलरचं चिन्ह आठवत असेल, ते स्ट्रिंगचंच. तेव्हा एका स्ट्रिंगमध्ये २५५ अक्षरंच मावायची, आता ती कटकट नाही.

स्ट्रिंग म्हणजे एका ओळीत लावलेली खोकी, प्रत्येक खोक्यात एक अक्षर, मोजणी १ पासून. लेफ्ट डावीकडून उचलतं, राइट उजवीकडून, मिड मधून, लेन एकूण खोकी सांगतं. जीएसटी नंबर घ्या, १५ अक्षरांचा असतो, पहिली दोन राज्याचा कोड आणि पुढची दहा म्हणजे पार्टीचा पॅन. म्हणून लेफ्ट(जीएसटी, २) केलं की राज्य आणि मिड(जीएसटी, ३, १०) केलं की पॅन हातात. आपली फाईल यावरूनच ठरवते, २७ आलं तर महाराष्ट्र, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्री, सीजीएसटी-एसजीएसटी लावा, रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूरची पार्टी असली तर मध्य प्रदेशचं २३ येतं, राज्याबाहेरची विक्री, तिथं आयजीएसटी. आता एकानं काय केलं, हा कोड आकड्यात बदलून टाकला, "नंबरच तर आहे" म्हणून. दिल्लीच्या पार्टीचा कोड ०७, त्याचा झाला नुसता ७, आणि यादीत ७ नावाचं राज्यच नाही! ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते आकड्यासारखं दिसलं तरी मजकूर म्हणूनच ठेवा. मोबाईल नंबर, पिनकोड, लॉट नंबर, सगळं.

लॉट नंबरवरून आठवलं, मजकूर म्हणून सॉर्ट लावला की १० हा ९ च्या आधी येतो, कारण मशीन पहिलं अक्षर बघतं, १ लहान आणि ९ मोठा. ती फाईलची चूक नाही, ०९ असं लिहा, सुटलं.

आता आमचीच एक चूक कबूल करतो. जुन्या फाईलमध्ये रकमेसाठी आम्ही व्हॅल वापरलं होतं, ते मजकुराचा आकडा करतं. व्हॅल डावीकडून वाचत जातं आणि ओळखीचं नसलेलं काही दिसलं की तिथंच थांबतं, स्वल्पविरामसुद्धा त्याला ओळखीचा नाही. एका पाइपवाल्या भाऊंनी मागची उधारी १,२५,००० अशी टाकली आणि फाईलनं उधारी धरली १ रुपया. नशीब पार्टी ओळखीची होती. व्हॅलची आणखी एक खोड, लॉट नंबर १२ई३ असा असेल तर ते ई३ ला दहाचा तिसरा घात समजून १२००० करतं. आणि मराठी कीबोर्डवरून १२५ टाकलं तर सरळ शून्य. नव्या फाईलमध्ये सीडीबीएल आहे, तेही मजकुराचा आकडाच करतं पण त्याला स्वल्पविराम चालतो, फक्त रकमेचा खण रिकामा ठेवू नका, एरर १३ येतो.

जोडाजोडी करताना बेरजेचं चिन्ह वापरू नका, अँडचं चिन्ह वापरा, & हे. इनपुट बॉक्समधून जे येतं ते मजकूरच असतं, म्हणून पहिल्या काट्याचं १२ आणि दुसऱ्याचं ५ क्विंटल बेरजेच्या चिन्हानं जोडलं की १२५ क्विंटल केळी होतात, १७ नाही. एवढी केळी त्या बागेत होती का, असं शेतकऱ्यानंच विचारलं होतं.

सगळ्यात जास्त फोन पार्टीच्या नाव-गावाचे. आपण एकाच खणात "चौधरी, रावेर" असं लिहितो आणि मॅक्रो स्वल्पविराम शोधून दोन तुकडे करतो. शोधायचं काम इनस्ट्रचं, ते जागा सांगतं. समजा जागेचं नाव प, मग लेफ्ट(नाव, प - १) म्हणजे चौधरी आणि मिड(नाव, प + १) म्हणजे रावेर. इथं तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, स्वल्पविराम टाकलाच नसेल तर इनस्ट्र शून्य देतं, शून्यातून एक गेला उणे एक, आणि लेफ्टला उणे एक अक्षरं द्या म्हटलं की एरर ५ येऊन सगळं ठप्प. म्हणून आधी प शून्यापेक्षा मोठा आहे का हे तपासणारी ओळ आहे, ती "जास्तीची" वाटली तरी पुसू नका. दुसरं, रावेरच्या आधी एक स्पेस चिकटून येते, तुम्हाला दिसत नाही पण गाववार यादीत दोन-दोन रावेर तयार होतात. त्यावर ट्रिम लावा, ते पुढची-मागची स्पेस काढून टाकतं. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या नावात मात्र वेगळीच स्पेस येते, कोड १६०, तिच्यावर ट्रिम चालत नाही, आधी रिप्लेस करून साधी स्पेस करावी लागते.

तिसरं आपल्या मराठीचं. चौधरी आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण मशीनला पाच, कारण काना-मात्रा-वेलांटीचं खोकं वेगळं. म्हणून स्वल्पविराम सहावा. धुळेची लेन चार येते आणि लेफ्ट(धुळे, १) केलं की उकार गळून नुसता ध उरतो. बिलावर जागा कमी पडते म्हणून नावं दहा अक्षरांवर तोडायची आयडिया काही जणांनी केलीय, कृपया करू नका, खणाची रुंदी वाढवा. आणि मॅक्रोच्या खिडकीत मराठी थेट टाइप केलं तर प्रश्नचिन्हांची रांग दिसते, मराठी शब्द शीटवरच्या एखाद्या सेलमध्ये लिहा आणि मॅक्रोला तिथून वाचायला लावा.

काही बदलायच्या आधी फाईलची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. अडलं तर एररचा नंबर आणि पिवळी झालेली ओळ, दोन्ही दिसतील असा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. नुसतं "चालत नाही" लिहून पाठवलं तर आम्हाला परत तुम्हालाच फोन करावा लागतो.