वळू फिरले, गाई राहिल्या : वशिंडाच्या गुरांची पार्श्वभूमी

गोठ्यात नवी गाय दिसली की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठली हो ही?" उत्तर येते, "एचएफ" (होल्स्टीन फ्रिजियन) किंवा "जर्सी". खरे तर हे बापाचे नाव झाले. सिमेन ज्या वळूचे, त्याची जात गाईला लागते. आईची चौकशी केलीच, तर "गावठी होती" एवढ्यावर विषय संपतो. आमच्याकडेही तसेच झाले. चंद्री नावाची गावठी गाय होती; तिच्या लेकी-नाती आज काळ्या-पांढऱ्या आहेत आणि चंद्रीचे नाव फक्त माझ्या आईच्या तोंडी उरले आहे. म्हणूनच मला एका गोष्टीचे फार अप्रूप वाटते. उष्ण प्रदेशातल्या गुरांचा इतिहास गेल्या तीस वर्षांत उलगडला, तो बऱ्याच अंशी या न विचारलेल्या आईमुळे.

वशिंड असलेली आणि बिनवशिंडाची गुरे यांना लिनियसने १७५८ मध्येच वेगळी नावे दिली होती, बॉस इंडिकस आणि बॉस टॉरस. पण दोघांचा संकर सहज होतो, संकरित कालवडी गाभण राहतात, त्यामुळे ही सगळी एकाच मुळाची असे बराच काळ धरले गेले. पश्चिम आशियात माणसाने एकदाच रानगुरे माणसाळवली, ती पूर्वेकडे आली आणि उन्हातान्हात राहून त्यांना वशिंड आले, असा तो तर्क.

१९९४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील रोनन लॉफ्टस, डॅनियल ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोप, आफ्रिका आणि भारतातल्या गुरांचा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या कणांचा) डीएनए ताडून पाहिला. हा डीएनए आईकडून सगळ्या लेकरांना मिळतो, पण पुढे नेतात त्या फक्त लेकी. खोंडापाशी तो थांबतो. त्यामुळे आई, आजी, पणजी अशी एकच दोरी धरून मागे जाता येते. या दोऱ्यांचे दोन वेगळे पेड निघाले आणि ते एकमेकांपासून किमान २ लाख, कदाचित १० लाख वर्षांपूर्वी सुटलेले होते. माणूस गुरे पाळू लागला त्याला जेमतेम दहा हजार वर्षे होतात. म्हणजे दावणीला बांधण्याच्या कितीतरी आधीच ही दोन घराणी वेगळी झाली होती आणि ती दोनदा, दोन ठिकाणी माणसाळली.

त्याच अभ्यासात एक कोडेही निघाले. आफ्रिकेतल्या वशिंडवाल्या गुरांची आईकडची दोरी भारतीय गुरांशी जुळेना. ती बिनवशिंडाच्या टॉरसच्या पेडात जात होती. मग वशिंड आले कुठून?

त्याआधी मूळ घराबद्दल. आपल्या गुरांचा रानटी पूर्वज म्हणजे भारतीय ऑरॉक्स. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून त्याचे नाव पडले बॉस नामाडिकस, म्हणजे नर्मदेचाच. (सह्याद्रीतला गवा हा या गुरांचा पूर्वज नव्हे, ते वेगळे जनावर आहे.) ऑरॉक्स आता जगात कुठेच नाही. युरोपातली शेवटची मादी पोलंडच्या याक्तोरुव्हच्या रानात १६२७ मध्ये मेली.

तो माणसाळला कुठे, याचा सर्वात जुना पुरावा बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी, मेहेरगढला आहे. झाँ-फ्रान्स्वा जारिज यांच्या पथकाने १९७४ पासून तिथे उत्खनन केले आणि हाडांचा अभ्यास रिचर्ड मेडो यांनी केला. सर्वात खालच्या थरांत चिंकारा, हरणे अशी शिकारीची हाडे जास्त. वर यावे तशी गुरांची हाडे वाढत जातात आणि त्याच वेळी लहान होत जातात. जनावर माणसाच्या हाताखाली आले की पिढ्यागणिक बारके होते, त्याची ही खूण. या वस्तीचा आरंभ इ.स.पू. ७००० च्या सुमाराचा, असे बरीच वर्षे छापले गेले. अलीकडच्या रेडिओकार्बन मापनांनी तो काळ बराच अलीकडे ओढला आहे. जागा आणि क्रम मात्र पक्का आहे. आईकडच्या दोऱ्यांतही भारतीय गुरांचे आय-१ आणि आय-२ असे दोन गट निघतात. पहिला सिंधूच्या खोऱ्याकडे बोट दाखवतो. दुसऱ्यावरून वाटते की उपखंडात आत कुठेतरी रानातल्या गाई कळपात येत राहिल्या असाव्यात.

मोहेंजोदडोच्या मुद्रांवरचा वशिंडाचा बैल सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात पाहिलेला असतो, पण तो एकदा मोठा करून पाहावा. चार बोटांत मावेल एवढ्या दगडावर कारागिराने गळ्याखालच्या पोळीची घडी न् घडी कोरली आहे. इतके बारकावे रोज जनावर पाहणाऱ्यालाच सुचतात. दख्खनही यात मागे नव्हती. रायचूर-बेल्लारी भागात नवाश्मयुगातले राखेचे प्रचंड ढिगारे आहेत. ही राख साठवून पेटवलेल्या शेणाची, हे उटनूरच्या उत्खननात दिसले. आणि प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या कांस्यरथाला जुंपलेली आहे ती बैलजोडी.

आता ते कोडे. २०१९ मध्ये ब्रॅडली यांच्याच गटाने पश्चिम आशिया आणि आसपासच्या ६७ प्राचीन गुरांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी, मोठ्या दुष्काळाच्या काळानंतर, तिथल्या गुरांत वशिंडवाल्यांचे रक्त झपाट्याने वाढलेले दिसते. आईची दोरी मात्र तशीच, जुनी. याचा अर्थ कळप आले नाहीत, वळू आले. पाऊस आटला तेव्हा तिथल्या गुराख्यांनी पूर्वेकडचे, तहान आणि ऊन सोसणारे वळू मुद्दाम आणून आपल्या गाईंना लावले असावेत. आफ्रिकेतही हेच घडले. तिथल्या वशिंडाच्या बैलाचे वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून फक्त खोंडाला मिळणारे, भारतीय घाटाचे असते. सूक्ष्मदर्शकाखालीही ते ओळखू येते, कारण टॉरसच्या वायपेक्षा त्याचा आकारच वेगळा आहे. १७२ आफ्रिकी गुरांच्या जीनोमवरून हा मोठा संकर साधारण हजार वर्षांमागचा ठरतो. पश्चिम आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या पट्ट्यात ही लाट अडली. त्या माशीच्या रोगापुढे वशिंडवाल्यांचे काही चालत नाही. तिथे एन्डामासारखी बिनवशिंडाची जुनी गुरेच टिकली. पुढे १८८७ पासून बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाने आफ्रिकेतली बहुतेक गुरे मारली आणि मागे उरलेल्या कळपांत वशिंडवाल्यांचा वाटा आणखी वाढला, असे मानतात.

वळू मागून न्यावा असे या जनावरात होते काय? मे महिन्यात दुपारी दोनला गोठ्यात जाऊन पाहावे. संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकत असते आणि शेजारी खिल्लार बैल डोळे अर्धे मिटून रवंथ करत असतो. त्याच्या घामग्रंथी मोठ्या, दाट आणि कातडीच्या वरच्या थरात असतात. केस आखूड, कातडी सैल. माशी बसली की तेवढाच तुकडा थरथरतो. गोचीड कमी धरते. मुख्य म्हणजे शरीराची भट्टीच मंद पेटलेली असते. दूध कमी निघते त्याचे कारण बऱ्याच अंशी इथेच आहे, कारण भरपूर दूध म्हणजे पोटात भरपूर उष्णता. अकोले-इगतपुरीच्या पावसात उभ्या राहणाऱ्या डांगीच्या कातडीला तर तेलकट ओशटपणा असतो, पाणी निथळून जाते. ही हजारो वर्षांची कमाई आहे आणि तिला "गावठी" या एका शब्दात उडवून लावलेले मला सोसवत नाही. ए-टू दुधाच्या जाहिरातींनीही या गुरांचा मान वाढतो असे वाटत नाही. ए-टू हा दुधातल्या प्रथिनाचा जुना प्रकार आपल्या गुरांत बहुतांशी आहे हे खरे, पण ए-वन या दुसऱ्या प्रकारच्या दुधाने रोग होतात हे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २००९ मध्ये पुराव्यांत आढळले नाही.

सर्वात लांबची सफर ब्राझीलची. एकोणिसाव्या शतकापासून तिथले पशुपालक भारतातून जनावरे नेत होते: ओंगोल (नेल्लोरवरून तिथे नेलोर), गीर, कांकरेज. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली अशी गुरे अँटवर्प बंदरात थांबली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली; त्या धक्क्यातूनच १९२४ मध्ये पॅरिसला आजची जागतिक पशुआरोग्य संघटना जन्मली. १९६० च्या सुमारास तिथले पशुपालक सेल्सो गार्सिया सिद यांनी भावनगरच्या महाराजांकडून कृष्णा नावाचा गीर वळू मिळवला, पाठोपाठ कारवाडी हा ओंगोल वळू गेला, आणि या मोजक्या वळूंची वंशावळ तिथे आजही पानोपानी सापडते. एकूण गेली ती काही हजार जनावरे. आज ब्राझीलमध्ये वीस कोटींहून अधिक गुरे आहेत आणि त्यांतली बहुसंख्य वशिंडाच्या रक्ताची. अमेरिकेतल्या ब्राह्मन जातीत तर आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या कृष्णाकाठच्या गुरांचाही अंश आहे. ती कृष्णा खोरे जात इथे आता शोधावी लागते.

पण तिथेही वळूच जास्त गेले. पोर्तुगीजांनी आणलेल्या गाईंना ते पिढ्यान् पिढ्या लावले गेले. १९९० च्या दशकाअखेर ब्राझीलच्या संशोधकांनी नेलोरच्या आईकडची दोरी तपासली, तेव्हा अनेक पांढऱ्याशुभ्र, उंच वशिंडाच्या जनावरांत ती युरोपीय निघाली.

आपल्याकडे याच खेळाची उलटी बाजू मांडली गेली. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली बाएफ ही संस्था आणि सरकारी केंद्रे यांनी विदेशी वळूंचे रेतन दारोदार नेले. त्या दुधाने कोरडवाहू भागातली कितीतरी घरे तरली, हे विसरून चालणार नाही. २०१९ च्या पशुगणनेत मात्र २०१२ च्या तुलनेत संकरित-विदेशी गुरे जवळपास २७ टक्क्यांनी वाढली आणि देशी ६ टक्क्यांनी घटली. शुद्ध देशी जनावर ओळखायचे तर मोजपट्टीही बाहेरची होती, कारण २००९ मध्ये वाचलेला गाईचा पहिला जीनोम हेरफर्ड जातीच्या गाईचा. २०२१ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने 'इंडिगौ' ही डीएनएतल्या ११,४९६ खुणा तपासणारी चिप आणली, तेव्हा गीर, कांकरेज, साहिवाल, ओंगोल यांना स्वतःची पट्टी मिळाली. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ यांचेही असेच बारकाईने वाचन व्हायला हवे, आणि लवकर.

चंद्रीची पणती आज आमच्या दावणीला आहे. सकाळी धार काढताना तिच्या खांद्यावरून हात फिरवला, तर मानेच्या मुळाशी बोटभर उंचवटा लागतो. कानातल्या बिल्ल्यावर नंबर आहे, कागदावर बापाची जात आहे.