फुकोचे पाते आणि रोन्कीची जाळी

पावसाळ्यात गोव्यात आकाश मिळत नाही, म्हणून दुर्बिणीचा आरसा घासायचा तो याच दिवसांत. फोंड्याकडच्या आमच्या जुन्या घरात राजांगणाला लागून एक लांब खोली आहे, तिथे आमची चाचणी चालते. नवा माणूस हटकून विचारतो, आरशाचा आकार तपासायच्या फुको आणि रोन्की या दोन चाचण्या म्हणजे एकच ना?

मांडणी खरोखर सारखीच. ८ इंची, एफ/६ (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) आरशाचे नाभीय अंतर सुमारे १२२० मिलिमीटर. त्याच्या दुप्पट, २४४० मिलिमीटरवर, वक्रताकेंद्र, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा मानता येईल त्याचे केंद्र. दोन्ही चाचण्या तिथेच होतात. उजेडाचा बारीक ठिपका आरशावर टाकायचा आणि परतणाऱ्या किरणांच्या वाटेत काहीतरी धरायचे. फ्रान्सच्या लेओं फुकोने १८५८ च्या सुमारास धारदार पाते धरले. आपल्याला दाढीचे ब्लेड पुरते. इटलीच्या वास्को रोन्कीने १९२० च्या दशकात समांतर रेघांची जाळी धरली. इंचाला १०० रेघांची जाळी चांगली चालते.

फरक डोळा लावल्यावर कळतो. पाते आत सरकवले की आरशावर सावल्या उठतात, शेतातल्या मेरांवर कलते ऊन पडावे तशा. काचेला अर्धा मिनिट अंगठा लावा, तिथे उबेने आलेला फुगवटा डोंगरासारखा दिसतो. म्हणूनच धुतलेला आरसा निवायला वेळ द्यावा. जाळीतून मात्र काळ्या पट्ट्या दिसतात. आरशाची कडा जास्त घासली जाऊन खाली उतरली असेल तर पट्ट्यांची टोके वाकतात, हे क्षणात कळते.

पट्ट्या सरळ दिसल्या की बरेच जण आरसा झाला म्हणून आनंदतात. इथेच घात होतो. वक्रताकेंद्रातून सरळ पट्ट्या, किंवा पात्याने सगळा आरसा एकदम करडा होणे, याचा अर्थ आरसा गोलीय, म्हणजे चेंडूच्या तुकड्यासारखा आहे. ताऱ्यांचे किरण समांतर येतात, त्यांना एका बिंदूत आणायला अन्वस्त (पॅराबोला) आकार लागतो. चांगल्या अन्वस्त आरशाच्या पट्ट्या जाळी केंद्राच्या आत, आरशाकडे असताना, मधे बाहेर फुगतात. आमच्या ८ इंची आरशात अन्वस्त आणि त्याला सर्वांत जवळचा गोल यांत जास्तीत जास्त फरक सुमारे ०.२३ मायक्रॉन.

पट्ट्या किती फुगायला हव्यात हे नजरेने ठरवणे मला पटत नाही. तिथे पातेच हवे. आरशावर खिडक्या कापलेला पुठ्ठा ठेवून प्रत्येक खिडकीतला आरशाचा भाग पाते कुठे असताना एकसारखा करडा होतो ते मोजायचे. मध्य आणि कडा करडी होतानाच्या पात्याच्या जागांत, दिवा पात्याबरोबर सरकत असेल तर २.१ मिलिमीटर, दिवा स्थिर असेल तर ४.२ मिलिमीटर अंतर यायला हवे. ही दोन मापे एकमेकांत मिसळली तर आरसा दुप्पट खोदला जाईल किंवा अर्धाच राहील, म्हणून दिवा कसा बसवला आहे ते वहीत आधी लिहावे.

घासताना मी दर फेरीनंतर जाळी लावतो. आरसा घासायचे डांबराचे पॅड बाजूला ठेवायचे की नाही, ते ब्लेडचे आकडे पाहूनच ठरवतो, तेही तीनदा मोजून.