गाडीची नेमकी कोणती उंची हवी?

पाच-सहा माणसांच्या कुटुंबात गाडी घ्यायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. एकाला क्रेटा, सेल्टोस, ब्रेझासारखी रुबाबदार क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्याच सांगाड्यावर बांधलेली उंच गाडी, हवी असते. दुसरा म्हणतो, अर्टिगा किंवा कॅरेन्स घेऊ, आजी-आजोबांसकट सगळे मावतील. त्यावर पहिल्याचं ठरलेलं उत्तर येतं, "ती टॅक्सीसारखी दिसते." दिसण्याचा मुद्दा ज्याचा त्याने ठरवावा. पण क्रॉसओव्हरच्या बाजूने दिली जाणारी बहुतेक कारणं उंचीपाशी येऊन थांबतात, आणि त्या उंचीमागचं विज्ञान समजून न घेता पंधरा-वीस लाख रुपये मोजणं मला पटत नाही.

उंची म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. पहिली जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. दुसरी जमिनीपासून सीटपर्यंतची. तिसरी गुरुत्वमध्याची, म्हणजे गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं त्या बिंदूची. ही तिसरी डोळ्यांना दिसत नाही, शोरूमच्या पत्रकातही सापडत नाही, पण वळणावर गाडी कशी वागेल हे मुख्यतः तीच ठरवते.

सीटच्या उंचीबद्दल क्रॉसओव्हरवाल्यांचं म्हणणं खरं आहे. खाली बसलेल्या माणसाला उठताना सगळा भार गुडघ्यांवर घ्यावा लागतो. बैठक जितकी खाली, तितका गुडघा जास्त वाकतो आणि मांडीच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो. बैठक पुरेशी उंच केली तर हा जोर निम्म्यावर येऊ शकतो, म्हणून सेडानमधून उतरताना आजी दाराला धरून कण्हतात. पण सीट फार उंच झाली तरी त्रास होतो. फॉर्च्युनर किंवा थारमध्ये शिरताना वयस्कर माणसाला आधी पायरी चढावी लागते, मग वळून बसावं लागतं. उभ्या माणसाच्या कमरेच्या जरा खाली येणारी सीट सगळ्यात सोयीची, कारण तिथे चढावंही लागत नाही आणि वाकावंही लागत नाही. गंमत अशी की एमपीव्ही, म्हणजे अर्टिगासारखी तीन रांगांची कौटुंबिक गाडी, या बाबतीत क्रॉसओव्हरच्या मागे नाही. अर्टिगाची एकूण उंची १६९० मिलिमीटर आहे आणि क्रेटाची १६३५. 'उंच' म्हणून मिरवणारी गाडी प्रत्यक्षात बुटकी आहे.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येतो. क्रेटाचा १९० आणि अर्टिगाचा १८० मिलिमीटरच्या आसपास आहे. पण गाडीचं पोट घासतं ते फक्त या आकड्यामुळे नाही. दोन्ही चाकांच्या जोड्यांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जितकं लांब तितकी मधली बाजू उंचवट्यावर टेकण्याची शक्यता जास्त. अर्टिगाचा व्हीलबेस २७४० मिलिमीटर आणि क्रेटाचा २६१०. त्रिकोणमितीने हिशेब केला तर उंचवटा ओलांडण्याचा कोन अर्टिगाला साधारण १५ अंश मिळतो आणि क्रेटाला साडेसोळा. फरक आहे, पण दीड अंशाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, आणि असा गतिरोधक कुठलीही गाडी सहज ओलांडते. गल्लीबोळात रातोरात उभे राहणारे अरुंद, टोकदार गतिरोधक मात्र कुठल्याच मापात बसत नाहीत, आणि तिथे सात माणसांच्या वजनाने स्प्रिंग दबलेली असली की कागदावरच्या १८० मिलिमीटरपैकी बरेच आधीच गेलेले असतात. क्लिअरन्सचे आकडे रिकाम्या गाडीचेही असू शकतात, तेव्हा पत्रकातला आकडा कोणत्या अवस्थेतला आहे हे विचारून घ्यावं.

आता गुरुत्वमध्य. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर गुरुत्वमध्यापाशी लागतो आणि टायर तिला जमिनीपाशी धरून ठेवतात. या दोन जोरांमधलं उभं अंतर जितकं जास्त, तितकी गाडी कलंडायला बघते. अमेरिकेची रस्तेसुरक्षा संस्था एनएचटीएसए यासाठी साधा भागाकार वापरते. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. सर्वसाधारण कारसाठी उत्तर १.३ ते १.५ येतं, उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅनसाठी १.० ते १.३. आकडा जितका लहान, तितकी उलटण्याची शक्यता मोठी.

सपाट, कोरड्या रस्त्यावर यातली एकही गाडी सहसा उलटत नाही, कारण त्याआधी टायर घसरतात. गाडी उलटते ती घसरताना चाक कशात तरी अडकलं की. पावसाने खचलेली साइडपट्टी, दुभाजकाचा कठडा, रस्त्याकडेची मऊ माती. आंबोली किंवा वरंधा घाटात पावसाळ्यानंतर डांबराची कड कशी तुटलेली असते, हे तिथून गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. घसरणाऱ्या गाडीची एकेक चाकं वेगळी ब्रेक करून तिला सरळ ठेवणारी ईएससी ही यंत्रणा अशा अपघातांवरचा सगळ्यात परिणामकारक उपाय ठरली आहे. उंच गाडी घेताना सनरूफ आहे का हे पाहण्याआधी ईएससी आहे का हे पाहायला हवं.

एमपीव्हीवाल्यांनीही इथे सावध राहायला हवं. अर्टिगात सातही जण बसले की मागे उरते २०९ लिटरची डिकी, म्हणजे दोन मध्यम बॅगा. गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाचं सामान त्यात मावत नाही, मग कॅरिअर लागतो. समजा माणसांसकट गाडीचं वजन १६२० किलो आहे, गुरुत्वमध्य ६५ सेंटीमीटरवर आहे आणि चाकांमधलं अंतर दीड मीटर. भागाकार १.१५ येतो. आता १.८ मीटर उंचीवर, टपावर ६० किलो सामान बांधलं. गुरुत्वमध्य चार सेंटीमीटरने वर सरकतो आणि उत्तर १.०९ होतं. ब्रेक लावताना आणि वळणावर चालकाला हा बदल हाताला जाणवतो. सात माणसं आणि त्यांचं सामान हे वर्षातून पाच-सहा वेळा होणार असेल तर एक तर इनोव्हा हायक्रॉससारखी मोठी, तिसऱ्या रांगेमागे ३०० लिटर जागा देणारी गाडी घ्यावी, नाहीतर सामान कमी करावं. पाचच जण असतील तर चित्र पालटतं. तिसरी रांग दुमडली की अर्टिगात ५५० लिटर मिळतात, क्रेटाच्या डिकीत ४३३.

मुलांना गाडी लागते तो प्रश्न याच उंचीशी जोडलेला आहे, आणि गाडी निवडताना त्याचा विचार फारसा कुणी करत नाही. कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना मात्र समोरच्या सीटची स्थिर पाठ दिसत असते. मेंदूला या दोन बातम्यांचा मेळ घालता येत नाही आणि पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. भरभर बसणाऱ्या हादऱ्यांनी मळमळ होत नाही. होते ती संथ हेलकाव्यांनी, साधारण पाच-दहा सेकंदांना एक अशा. घाटातली डावी-उजवी वळणं नेमकी हीच लय देतात. गुरुत्वमध्य वर असेल आणि स्प्रिंग मऊ असतील तर गाडी जास्त झुलते. त्यात आजकालच्या क्रॉसओव्हरमध्ये खिडकीची खालची कड मागे जाताना वर चढत जाते. बाहेरून ते चपळ दिसतं, पण आत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला दाराचं प्लास्टिकच दिसतं. एमपीव्हीच्या मोठ्या काचा इथे कामाला येतात. मात्र तिची तिसरी रांग मागच्या अॅक्सलच्या, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, वर किंवा मागे असते आणि तिथे प्रत्येक खड्डा सगळ्यात जोरात लागतो. ज्या मुलाला गाडी लागते त्याला मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असं बसवावं.

यातल्या बहुतेक कसोट्यांवर उत्तम ठरणारी गाडी खरं तर तिसरीच आहे. वॅगन, म्हणजे सेडानचंच छप्पर मागपर्यंत ओढून केलेली लांब गाडी. गुरुत्वमध्य खाली, डिकी मोठी, हवेला अडथळा कमी. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना अशा गाडीला हवा साधारण ३०० न्यूटन जोराने मागे रेटते, उंच आणि रुंद नाकाच्या गाडीला ४२० न्यूटनच्या आसपास. एवढ्या फरकाने दर १०० किलोमीटरला लिटरभराहून थोडं जास्त पेट्रोल जातं. भारतात टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली, नंतर बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना, ऑक्टाव्हिया कॉम्बी आल्या, आणि एकही टिकली नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

ग्राहकांच्या आवडीइतकाच यात कायद्यांचाही हात आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने कारसाठी इंधनबचतीचे कडक निकष आणले, पण 'हलके ट्रक' या वर्गाला सवलत दिली. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरची मिनीव्हॅन त्याच वर्गात बसून आली आणि वॅगन घेणारी कुटुंबं तिच्याकडे वळली. पुढे एसयूव्हीने तोच रस्ता धरला आणि १९९४ च्या टोयोटा आरएव्ही-४ पासून कारच्याच सांगाड्यावर उभ्या केलेल्या क्रॉसओव्हर आल्या. आपल्याकडे २००६ पासून चार मीटरच्या आतल्या गाडीला करसवलत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के आणि त्याहून मोठीवर ४० टक्के जीएसटी लागतो. लांबी वाढवली की कर वाढतो, उंची वाढवली तर नाही. मग छोट्या गाड्या वरच्या दिशेने वाढल्या यात नवल नाही.

या उंचीची एक किंमत गाडीबाहेरचा माणूस मोजतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १०२ सेंटीमीटरहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी दिलेली धडक, ७६ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्के अधिक वेळा प्राणघातक ठरली. बुटकं नाक माणसाच्या पायावर आदळतं आणि तो बॉनेटवर पडतो. उंच, सपाट नाक थेट छातीवर, आणि लहान मुलाच्या डोक्यावर. सोसायटीच्या आवारात मुलं खेळत असतात, तिथेच आपण गाडी वळवतो. म्हणून खिशाला परवडणाऱ्या दोन गाड्यांमध्ये अडकला असाल तर उतरत्या नाकाची घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

शोरूमला जाताना सगळं घर घेऊन जा. आजींना दोन्ही गाड्यांत स्वतः चढू-उतरू द्या. मोठ्या माणसाने शेवटच्या रांगेत अर्धा तास बसून खड्ड्यांच्या रस्त्यावरून फेरी मारावी. तिथे डोक्यामागे मागच्या काचेपर्यंत किती जागा उरते हे हाताने मोजावं, कारण मागून धडक बसली तर चेपायला तेवढंच अंतर असतं. डिकीतल्या बॅगा बांधायला हुक आहेत का तेही पाहावं. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर मोकळी २० किलोची बॅग २८० किलोच्या जोराने पुढे येते, आणि या तिन्ही प्रकारच्या गाड्यांत डिकी आणि माणसं यांच्यात सीटच्या पाठीखेरीज भिंत नसते. मधल्या रांगेतल्या मधल्या सीटलाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा, हे पाहायला दहा सेकंदही लागत नाहीत.