झोपेत पाय मारतोय: स्वप्न की फिट?

दुपारी फरशीवर आडवा पडलेला कुत्रा अचानक पंजे हलवायला लागतो, मिश्या थरथरतात, मिटल्या तोंडातूनच दबकं ‘भुफ’ ऐकू येतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘स्वप्न पडतंय त्याला.’ बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण अपस्माराची फिटही कुत्र्यांना पुष्कळदा झोपेत किंवा नुकती जाग येताना येते, त्यामुळे घोटाळा होतो.

आधी स्वप्नाचं बघू. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात ती रेम झोप. त्या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात असतो, मात्र मेंदूच्या देठातून स्नायूंना ढिलं ठेवण्याचा हुकूम गेलेला असतो. फ्रान्समधल्या लिआँ शहरात झोपेचे संशोधक मिशेल जूवे यांनी मांजरांच्या मेंदूतला नेमका हाच अडसर काढून पाहिला. ती मांजरं झोपेतच उठून दबा धरायची, समोर नसलेल्या सावजावर झडप घालायची. पुढे २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात आणखी एक गोष्ट दिसली. दिवसा खाऊसाठी गोल वाटेवर धावताना उंदरांच्या मेंदूतल्या पेशी ज्या क्रमाने चेतल्या होत्या, तोच क्रम त्यांच्या रेम झोपेत पुन्हा उमटला. कुत्रा काही आपल्याला स्वप्न सांगणार नाही, पण त्याला स्वप्नं पडतात असं मी बेधडक म्हणेन. आणि त्यात भीती-आनंदही असणार. माणसाच्या रेम झोपेत भावनांशी निगडित असलेलं अमिग्डला हे केंद्र चांगलंच जागं असतं, आणि ते कुत्र्या-मांजरांच्या मेंदूतही आहे.

स्नायूंना ढिलं ठेवणारा तो अडसर पूर्ण घट्ट नसतो, म्हणून थोडी हालचाल निसटते. पिल्लांमध्ये जास्तच. ही हालचाल तुटक असते: दोन-चार झटके, मग शांत, मग पुन्हा. अंग सैल असतं. जरा लांबून नावाने हाक मारली की तो डोळे उघडतो आणि लगेच तुम्हाला ओळखतो. हलवून मात्र उठवू नका, दचकून चावू शकतो.

फिटमध्ये अंग लाकडासारखं ताठ होतं. पाय सायकल मारल्यासारखे सलग चालतात, जबडा आवळला जातो, फेस येतो, बरेचदा लघवी किंवा शी होते. हाकेला प्रतिसाद नसतो. हे साधारण मिनिट-दोन मिनिटं चालतं, पण फरक सगळ्यात स्पष्ट कळतो तो नंतर. स्वप्नातून उठलेला कुत्रा आळस देऊन पाण्याकडे जातो. फिट ओसरलेला कुत्रा झोकांड्या खातो, भिंतीला धडकतो, घरच्यांनाही ओळखत नाही. कधी तासन्‌तास सैरभैर असतो.

आपल्याकडे माणसाला फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. माणसालाही त्याचा उपयोग नसतो, कुत्र्याला तर हे मुळीच करू नका. तोंडात बोटं किंवा चमचा घालू नका, तो जीभ गिळत नाही. जवळच्या टोकदार वस्तू सरकवा, पंखा लावा, घड्याळ बघा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो व्हिडिओ जास्त सांगतो. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर रात्र असो की पाऊस, तातडीने दवाखाना गाठा.

रस्त्यावरचं पिल्लू घरी आणलं असेल तर एक तिसरी शक्यताही लक्षात ठेवा. डिस्टेंपर हा विषाणूमुळे होणारा आजार होऊन गेलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा ठरावीक तालात उडत राहतो, झोपेतही आणि जागेपणीही. जेवताना, उभं असतानाही तोच ताल दिसला, तर ते स्वप्न नाही. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि घरात इतर कुत्री असतील तर त्यांचं लसीकरण झालंय का तेही त्याच दिवशी तपासा.