टीपॉयखालचा शिक्का: वेगनरच्या एटी-१० ची पार्श्वभूमी

जुन्या डॅनिश फर्निचरची पारख असलेला माणूस टीपॉय आधी उलटा करून बघतो. खालच्या बाजूला लाकडात डागलेला शिक्का असतो. त्यात कारखानदार आंद्रेआस टुक आणि डिझायनर हान्स वेगनर ही नावं दिसली की किंमत लगेच वर सरकते. एटी-१० हा त्यातलाच: सागवानी आयताकृती फळी, खाली निमुळते होत गेलेले गोल पाय, आणि पायांच्या मधोमध मासिकं-वर्तमानपत्रं ठेवायला वेताने विणलेला खण. 'एटी' ही टुकचीच आद्याक्षरं.

वेगनर मुळात सुतार. १९१४ साली टोनर गावात एका चांभाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. गाव तेव्हा जर्मनीत होतं; १९२० च्या सार्वमतानंतर ते डेन्मार्कला मिळालं. चौदाव्या वर्षी ते गावातल्याच फर्निचर कारागिराकडे उमेदवारीला लागले आणि सतरा-अठराव्या वर्षापर्यंत शिकून तयार झाले. कोपनहेगनचं कलाविद्यालय, ऑर्हूसच्या नगरभवनाचं फर्निचर, हे सगळं त्यानंतरचं. १९४९ च्या त्यांच्या गोल पाठीच्या खुर्चीत १९६० च्या टीव्हीवरच्या वादविवादात केनेडी बसले आणि नाव अमेरिकेत घरोघरी पोचलं. खुर्च्यांच्या या कौतुकात टेबलं झाकली गेली, हे मात्र खरं.

टेबलं वेगळ्या कारखान्यात का झाली, याचं उत्तर धंद्यात आहे. १९५१ च्या सुमारास पाच कारखान्यांनी मिळून 'सेल्सको' नावाची विक्रीसंस्था काढली. त्यामागे आयविन कोल्ड क्रिस्टेन्सन हा विक्रीतला मुरलेला माणूस होता. सगळ्यांचा डिझायनर एकच, वेगनर; पण वाटणी चोख. कार्ल हान्सनने खुर्च्या करायच्या, एपी स्टोलनने गादीच्या खुर्च्या, गेटामाने सोफे आणि दिवाण, र्यू मोब्लरने कपाटं आणि ओडेन्सच्या टुकने टेबलं. कुणी कुणाच्या वाटेत यायचं नाही आणि माल एकत्र विकायचा. त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाला अख्खा दिवाणखाना एकाच हाताचा मिळायचा. डॅनिश फर्निचरच्या यशाचं श्रेय सौंदर्यदृष्टीला देण्याची पद्धत आहे. मला ते निम्म्याहून जास्त या वाटणीला द्यावंसं वाटतं.

आता लाकूड. डेन्मार्कमध्ये बीच आणि ओक ही झाडं. साग तिथे उगवत नाही. तो आला आशियातून. १८९७ साली स्थापन झालेल्या कोपनहेगनच्या ईस्ट एशियाटिक कंपनीचा सयामच्या (आजच्या थायलंडच्या) सागाशी जुना व्यवहार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर डॅनिश कारखान्यांत साग मुबलक दिसू लागला. मात्र सागात सिलिका, म्हणजे वाळूतलं कठीण खनिज, असते, ती हत्याराची धार खाते. आलापल्लीच्या सागावर रंधा चालवलेल्या सुताराला हे वेगळं सांगायला नको. कारखान्यात करवतीच्या दात्यांना कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची टोकं लागल्यावर हे काम सोपं झालं. काही टेबलांत फळी सागाची आणि पाय ओकचे, असाही मेळ घातलेला दिसतो.

साठच्या दशकाच्या अखेरीस फॅशन प्लास्टिककडे आणि भडक रंगांकडे वळली. कोपनहेगनच्या फर्निचर कारागिरांची १९२७ पासून दरवर्षी भरणारी प्रदर्शनं १९६६ मध्ये थांबली. टीपॉय माळ्यावर गेले आणि काही दशकांनी, कपांच्या गोल डागांसकट, लिलावात परत आले.

डाग काढणं अवघड नाही. तेलावरचा साग असेल तर बारीक पॉलिश पेपर रेषेच्या दिशेने हलक्या हाताने फिरवायचा आणि पुन्हा तेल पाजायचं. व्हीनियर, म्हणजे दुसऱ्या लाकडावर चिकटवलेला सागाचा पातळ थर, असेल तर मात्र घाई महागात पडते, कारण तो एक मिलिमीटरसुद्धा नसतो. कडेला घासला की खालचं लाकूड उघडं पडतं. हौसेने चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारणारे असतात, त्याने जुन्या सागाचा पोत मेणकापडासारखा दिसतो. तुटलेला वेत नव्याने विणला तर तो काही वर्षं फिकट दिसणारच. त्याला रंग लावून जुना भासवण्यात अर्थ नाही, कारण जाणकार गिऱ्हाईक टीपॉय उलटा केल्यावर वेतही खालून बघतं.