फिकहचा ग्रंथ आणि फतव्यांचा संग्रह: नावावर जाऊ नका

'फतावा-ए-आलमगिरी' हा फतव्यांचा संग्रह असेल असं समजून जो तो उघडतो, त्याची पहिल्याच प्रकरणात पंचाईत होते. कुणी काहीतरी विचारलंय आणि मुफ्तींनी, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांनी, त्याला उत्तर दिलंय, अशी मांडणीच तिथे नाही. वुजूमध्ये (नमाजआधी हातपाय-तोंड धुण्यात) फर्ज, म्हणजे अनिवार्य, काय, तो कशाने तुटतो, कुठलं पाणी चालतं, अशी शिस्तीत सुरुवात होते आणि मग नमाज, जकात, रोजा, हज, निकाह, तलाक असं करत गाडी खरेदी-विक्री, वक्फ आणि वारसाहक्कापर्यंत जाते. औरंगजेबाच्या आज्ञेवरून साधारण १६६७ ते १६७५ या काळात शेख निजाम बुऱ्हाणपुरी यांच्या देखरेखीखाली उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मंडळाने अरबीत तयार केलेला हा ग्रंथ अरब जगात 'अल-फतावा अल-हिंदिय्या' म्हणून ओळखला जातो. नाव फतव्यांचं, ऐवज मात्र फिकहचा, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शास्त्राचा.

हा घोळ एका ग्रंथापुरता असता तर सोडून दिला असता. पण इस्लामी कायद्यावर वाचायला बसणारा बहुतेक जण याच दोन प्रकारांची गल्लत करतो. कधी फतवा वाचून 'हा इस्लामचा नियम' म्हणतो, तर कधी फिकहच्या ग्रंथातलं वाक्य उचलून 'मुसलमान असंच वागत आले' म्हणतो. दोन्ही निष्कर्ष चुकतात, आणि दोन वेगवेगळ्या कारणांनी चुकतात.

फिकहचा ग्रंथ नियम सांगतो, आणि तोही एका मजहबच्या चौकटीत. मजहब म्हणजे इथे धर्म नव्हे, कायद्याची एकेक परंपरा. सुन्नींचे चार मजहब हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली. शियांचा प्रमुख मजहब जाफरी. प्रत्येकाचे आपापले प्रमाणग्रंथ आहेत. हनफींचा 'हिदाया' घ्या. तो लिहिला मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यातल्या मर्गिनानी यांनी. ते ११९७ साली वारले. मुळात हा त्यांच्याच एका छोट्या ग्रंथावरचा विस्तार आहे, आणि तो छोटा ग्रंथही कुदूरी आणि शैबानी या दोन जुन्या हनफी पंडितांच्या पुस्तकांवर बेतलेला. या वाङ्मयाची वीणच अशी आहे. मूळ संक्षिप्त मजकूर म्हणजे मत्न, त्यावरचं भाष्य म्हणजे शरह, आणि भाष्यावरच्या टिपा म्हणजे हाशिया. दमास्कसच्या इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांचा 'रद्द अल-मुहतार' हा एका शरहवरचा हाशिया. ती शरह हस्कफींची, सतराव्या शतकातली, आणि तिच्याखालचा मत्न तिमुरताशींचा, सोळाव्या शतकातला. म्हणजे एका पानावर तीन शतकांतले तीन पंडित बोलत असतात, आणि खालचा आवाज कुणाचा व वरचा कुणाचा हे कळलं नाही तर पूर्वपक्षालाच सिद्धांत समजण्याची वेळ येते. 'हिदाया'त तर ही जोखीम जास्तच आहे. मर्गिनानी आधी दुसऱ्यांची मतं आणि दलील (युक्तिवाद) मांडतात आणि स्वतःला पटलेली दलील बहुधा शेवटी ठेवतात. पहिलं वाक्य उचलून पळणारा अनेकदा नेमकं नाकारलेलं मत घेऊन पळतो.

या ग्रंथांत माणसं नसतात. म्हणजे 'एखाद्याने असं केलं तर' असा कुणीतरी एक माणूस असतो. पण तो कुठल्या शहरातला, कुठल्या साली, कशाने अडलेला, याचा पत्ता नसतो. आणि हा काही लेखनातला दोष नव्हे. नियम पुढच्या पिढीच्याही कामी यावा म्हणून प्रसंग मुद्दाम गाळलेला असतो. त्यामुळे गुलामाच्या विक्रीवरचं प्रकरण त्या गावात गुलाम आहेत की नाहीत याची फिकीर न करता पुढच्या ग्रंथात जसंच्या तसं उतरत राहतं. समाज कसा होता हे शोधायला फिकहचा ग्रंथ वाचायचा तर फार जपून.

फतव्याचा जन्मच उलट बाजूने होतो. आधी माणूस अडतो, मग विचारतो. विचारणारा मुस्तफ्ती, त्याचा लेखी प्रश्न इस्तिफ्ता, उत्तर देणारा मुफ्ती. उर्दू संग्रह उघडला की हा साचा लगेच दिसतो: 'क्या फरमाते हैं उलमा-ए-दीन इस मसले में कि…', मग 'जैद'ने 'हिंदा'शी निकाह केला आणि पुढे काय काय झालं त्याची हकीकत, शेवटी 'बय्यिनू तुजरू', म्हणजे उलगडून सांगा, पुण्य मिळेल. त्याखाली 'अल-जवाब', आणि उत्तराच्या तळाशी 'वल्लाहु आलम', खरं काय ते अल्लाह जाणे. जैद, अम्र, बक्र, हिंदा ही ठरलेली नावं. विचारणाऱ्याची अब्रू झाकायला ती शतकानुशतकं वापरात आहेत. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या फतव्यांतही हीच मंडळी भेटतात. तिथे सोळाव्या शतकात शेखुल-इस्लाम, म्हणजे साम्राज्याचे प्रमुख मुफ्ती, असलेले अबुस्सुऊद एफेंदी तर कित्येकदा 'होय' किंवा 'नाही' एवढ्याच शब्दात प्रकरण निकालात काढत. दलील नाही, ग्रंथाचा आधार नाही. सगळा अभ्यास प्रश्न कसा लिहिला जातो यात खर्ची पडलेला असे, आणि ते काम कार्यालयातले लेखनिक करत.

प्रश्नच अर्धं उत्तर असतो. मुफ्ती साक्षी-पुरावे तपासत नाही; समोर मांडलेली हकीकत खरी धरून तो सांगतो. खरं-खोटं करणं हे काजीचं काम, आणि बंधनकारक निवाडाही काजीचाच. फतवा म्हणजे मत. ते जाणत्याचं असेल, वजनदार असेल, पण विचारणारा दुसऱ्या मुफ्तीकडे जाऊ शकतो आणि लोक जात आलेत. हकीकत बदलून विचारली तर तोच मुफ्ती वेगळं उत्तर देईल, हेही उघड आहे.

इतिहास वाचणाऱ्याला खरा माल मिळतो तो इथे. मोरोक्कोतल्या फासमध्ये १५०८ साली वारलेल्या वन्शरीसी यांचा 'अल-मियार' हा अंदलूस (मुस्लिम राजवटीतला स्पेन) आणि मगरिबच्या (वायव्य आफ्रिकेच्या) मालिकी फतव्यांचा प्रचंड संग्रह. त्यात आजच्या अल्जीरियातल्या तिलिमसानच्या इब्न मर्जूक यांचा १४०९ सालचा एक फतवा आहे. युरोपातून येणाऱ्या कागदात उजेडाकडे धरल्यावर क्रूस किंवा प्राण्यांच्या आकृतींची जलचिन्हं दिसत. अशा कागदावर लिहावं का, कुराण उतरवावं का, असा लोकांना प्रश्न पडला. इब्न मर्जूक यांनी परवानगी दिली. खोट्यावर खरं लिहिलं की खोटं पुसलं जातं, असा त्यांचा एक युक्तिवाद. आणि अडचणीची जाणीवही आहेच, कारण दुसरा कागद सहज मिळेनासा झाला होता. फिकहच्या ग्रंथात या कागदाला फार तर परधर्मीयांनी बनवलेल्या वस्तूंच्या शुद्धाशुद्धतेखाली एखादी ओळ मिळाली असती. फतव्यात मात्र बाजार दिसतो, आयात दिसते, मगरिबमधला कागदाचा धंदा बसल्याचं कळतं.

याच वन्शरीसींचा आणखी एक फतवा जास्त गाजलेला आहे. स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रनाडा पडायच्या सुमारास, ख्रिस्ती राजवटीखाली गेलेल्या मुसलमानांनी तिथे राहावं की निघून यावं, हा प्रश्न होता. दक्षिण स्पेनमधल्या मार्बेयातल्या एका माणसाची हकीकत त्यांच्यापुढे आली. लढाईत हरवलेल्या भावाला शोधायला तो मागे थांबला, भाऊ सापडला नाही, आणि मग तिथल्या दुबळ्या मुसलमानांच्या वतीने तो अधिकाऱ्यांशी बोलू लागला. त्यांच्यासाठी त्याने राहिलं तर चालेल का? वन्शरीसींनी साफ नकार दिला. निघून येणं त्यालाही बंधनकारक. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १५०४ साली, मगरिबमधल्याच इब्न अबी जुम्आ यांनी स्पेनमध्ये जबरीने ख्रिस्ती केलेल्यांना लिहून कळवलं: नमाज खुणेने करा, दिवसा जमली नाही तर रात्री भरून काढा, दारू प्यायला भाग पाडलं तर मनात इरादा न धरता प्या, मूर्तीपुढे झुकावं लागलं तर मनाने अल्लाहकडे झुका. मजहब एक, प्रमाणग्रंथ तेच, दशकभराचं अंतर. फरक विचारणाऱ्यांच्या अवस्थेत होता: एकांना निघायची वाट मोकळी होती, दुसऱ्यांची बंद झाली होती. यातला एकच फतवा हाती लागलेला वाचक 'मालिकी कायदा असं सांगतो' म्हणून मोकळा होईल. मला वाटतं, इस्लामी कायद्याबद्दलची निम्मी ठाम विधानं अशीच तयार होतात.

मग फतवा फिकहच्या बाहेर जाऊ शकतो का? आपल्याकडचं उदाहरण बोलकं आहे. नवरा बेपत्ता झाला तर हनफी फिकहनुसार बायकोने थांबायचं, तेही त्याच्या वयाची माणसं हयात असेपर्यंत. काही ग्रंथांत तो नव्वद वर्षांचा होईपर्यंत असा हिशेब आहे. मालिकींची मुदत चार वर्षांची. अडकलेल्या काही स्त्रिया विसाव्या शतकात वेगळीच वाट काढू लागल्या: धर्म सोडायचा, म्हणजे हनफी नियमाने निकाह आपोआप तुटतो. पंजाबात अशी प्रकरणं न्यायालयांत आली. तेव्हा पक्के हनफी असलेल्या देवबंदी पंडित अशरफ अली थानवींनी मदिनेच्या मालिकी मुफ्तींकडून फतवे मागवले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला 'अल-हीला अल-नाजिजा' या पुस्तकात मालिकी नियम स्वीकारला. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसणं हे घटस्फोटाचं कारण म्हणून आलं ते याच पार्श्वभूमीवर. त्याच कायद्याने धर्म सोडल्याने निकाह तुटण्याची वाटही बंद केली. 'हिदाया'तलं वाक्य मात्र जिथे होतं तिथेच राहिलं.

आता त्या फसव्या नावाचं. हनफी परंपरेत मतांच्या तीन पायऱ्या धरतात. अबू हनीफा (मृत्यू ७६७) आणि त्यांच्या शिष्यांची भक्कम परंपरेने आलेली मतं सर्वांत वर, कमी पक्क्या परंपरेची मतं त्याखाली, आणि नंतरच्या पंडितांनी नव्या प्रसंगांवर दिलेली उत्तरं तिसरी. ही तिसरी पायरी म्हणजे 'फतावा'. समरकंदच्या अबुल-लैस यांनी दहाव्या शतकात अशी उत्तरं गोळा केली. पुढच्या संग्राहकांनी तिन्ही पायऱ्या एकत्र करून प्रकरणवार लावल्या आणि नाव 'फतावा' हेच ठेवलं. बाराव्या शतकातला 'फतावा काजीखान', तुघलक काळात दिल्लीत झालेला 'फतावा तातारखानिया', आणि मग आलमगिरी, सगळे या जातकुळीचे. बारकाईने वाचलं तर आलमगिरीत मधूनच 'अमक्यांना विचारलं गेलं' असे शब्द दिसतात. कधीकाळी कुणीतरी खरोखर विचारलेल्या प्रश्नाची तेवढीच खूण उरलेली असते. नाव, गाव, तक्रार सगळं गळून फक्त नियम राहिलेला. फतवे फिकहमध्ये मुरतात ते असे.

कंपनी सरकारच्या न्यायाधीशांना हा तपशील परवडणारा नव्हता. त्यांना कलमं हवी होती. वॉरन हेस्टिंग्जच्या पुढाकाराने चार्ल्स हॅमिल्टन यांनी 'हिदाया' इंग्रजीत आणला, तो १७९१ साली छापला गेला, आणि तोही अरबीवरून नव्हे, फारसी अनुवादावरून. १८६५ साली नील बेलींनी मुख्यतः आलमगिरीच्या आधारे सारग्रंथ काढला. मतांची तोलामोलाने मांडणी करणारे ग्रंथ कोर्टात कायद्याचं पुस्तक म्हणून वाचले जाऊ लागले. फतव्याच्या वाट्याला उलटा गैरसमज आला: तो हुकूम समजला गेला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागलं की फतव्याला कायद्याचं बळ नाही आणि तो कुणावर लादता येणार नाही. मुफ्तींच्या शास्त्रातही तो कधी लादण्याजोगा नव्हताच.

अनोळखी ग्रंथ हाती आला तर मुखपृष्ठ सोडून मधलं कुठलंही पान काढावं आणि विचारणारा शोधावा. तो असेल तर साल, गाव आणि मुफ्तीचा मजहब पाहिल्याशिवाय उत्तराचं वाक्य कुठे वापरू नये. तो नसेल आणि पानावर मजकुराचे दोन-तीन थर दिसत असतील तर फिकह आहे. मग कोण कुणावर बोलतोय हे लावून घ्यावं. काही ग्रंथ या चाळणीतून निसटतात. इब्न तैमिय्या (मृत्यू १३२८) यांचा 'मजमू अल-फतावा' विसाव्या शतकात सदतीस खंडांत जुळवला गेला; त्यात खरे फतवे आहेत, स्वतंत्र प्रबंध आहेत, आणि सुरुवातीचे कितीतरी खंड कायद्याचे नाहीतच, अकीद्याचे, म्हणजे श्रद्धातत्त्वांचे, आहेत.