आर्माडिलो, मुंगीखाऊ आणि आपले खवले मांजर

चिपळूण-संगमेश्वराकडच्या एखाद्या वाडीत रात्री काजूच्या बागेत, गडग्याला लागून खवले मांजर दिसले, की त्याचे छायाचित्र मोबाइलवरून फिरू लागते आणि त्याखाली कोणी ‘आर्माडिलो’ लिहितो, तर कोणी ‘मुंगीखाऊ’. दोन्ही नावे चुकीची असली तरी चूक समजण्याजोगी आहे, कारण या प्राण्याचे चिलखत एकासारखे आणि तोंड दुसऱ्यासारखे आहे. गंमत अशी, की आर्माडिलो आणि मुंगीखाऊ हे दिसायला इतके वेगळे प्राणी एकमेकांचे नातलग आहेत. दोघेही अमेरिका खंडातले, झाडाला उलट्या लटकणाऱ्या संथ स्लॉथसह एकाच मोठ्या गटातले. खवले मांजर मात्र त्यांच्या गोतावळ्यात बसत नाही. त्याचे जवळचे नाते मांजर-कुत्र्यांच्या मांसभक्षक गणाशी जुळते, त्यामुळे आपल्याकडचे नाव शास्त्राच्या अगदीच विरोधात जात नाही.

आर्माडिलोचे कवच म्हणजे कातडीतच तयार झालेल्या हाडांच्या चकत्या, वर शिंगासारखा पातळ थर. खवले मांजराच्या खवल्यांत हाड नसते. ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात आणि मंगलोरी कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. मुंगीखाऊच्या अंगावर कवच नाही, नुसते केस आहेत. मुंगीखाऊला दात नसतात, खवले मांजरालाही नसतात. आर्माडिलोला मात्र खुंट्यांसारखे साधे दात असतात आणि तो किडे, गांडुळे, पडलेली फळेही खातो. अंगाची गुंडाळी करणे ही खवले मांजराची ओळख. आर्माडिलोंच्या वीसहून अधिक जातींपैकी पूर्ण चेंडू होणाऱ्या जाती दोनच, आणि त्याही वर्षावनातल्या नव्हेत, कोरड्या झुडपी प्रदेशातल्या. त्यांतलीच एक 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाचे शुभचिन्ह होती.

वर्षावनात हे दोन नातलग एकमेकांच्या आड कसे येत नाहीत, हे त्यांच्या दिनक्रमावरून उमगते. आर्माडिलो जमिनीखालचा आणि बहुतांशी रात्रीचा. महाकाय आर्माडिलो पन्नास किलोपर्यंत भरतो. दिवसभर बिळात झोपतो, अंधार पडल्यावर बाहेर येतो आणि पुढच्या पायाच्या विळ्यासारख्या नखीने वारूळ फोडून सरळ आत शिरतो. त्याने सोडून दिलेल्या बिळांचा वापर वीसहून अधिक जातींचे प्राणी करताना ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ भागातल्या कॅमेऱ्यांत दिसले आहेत.

मुंगीखाऊ वारूळ उद्ध्वस्त करत नाही. नखाने भोक पाडायचे, जीभ घालायची आणि सैनिक वाळवी चवताळून बाहेर येण्याआधी, साधारण मिनिटभरात, पुढच्या वारुळाकडे निघायचे, ही त्याची रीत. महाकाय मुंगीखाऊची जीभ सुमारे साठ सेंटिमीटर लांब असते आणि मिनिटाला दीडशे वेळा आत-बाहेर होऊ शकते. एवढ्या अल्प पोषणावर जगताना शरीराचे तापमान 33 अंशांच्या आसपास ठेवणे त्याला परवडते, मात्र त्यामुळे त्याला हवेच्या लहरीने चालावे लागते: उकाड्यात तो रात्री फिरतो, पावसाळी गारव्यात दिवसा, आणि झोपताना झुबकेदार शेपूट अंगावर गोधडीसारखी ओढून घेतो. तामांडुआ हा मध्यम आकाराचा मुंगीखाऊ झाडावरही चरतो, जमिनीवरही, आणि त्याची वेळ दिवसाची की रात्रीची हे ठरलेले नसते.

सर्वांत धाकटा रेशमी मुंगीखाऊ चारशे ग्रॅमही भरत नाही. पूर्वी ही एकच जात मानत. अलीकडच्या जनुकीय अभ्यासात तिच्या सात जाती असाव्यात असे सुचवण्यात आले. तो क्वचितच जमिनीवर उतरतो. आपल्या आंब्या-काजूवर जसे ओंबील, तशा तिथल्या झाडांवर राहणाऱ्या मुंग्या तो रात्रभर टिपतो आणि उजाडले की शेपटीचा वेढा फांदीला घालून, तोंड छातीशी घेऊन, सोनेरी लोकरीच्या गुंड्यासारखा झोपून राहतो. खालून जाणाऱ्याला तिथे प्राणी आहे याची शंकाही येत नाही.